नेहरू प्लेसमध्ये आजीचा उखाणा

नेहरू प्लेस मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या उतरताना मी पर्स पोटाशी घट्ट धरली होती. पाकीट, मोबाइल, ऑफिसचं कार्ड सगळं तिच्यात होतं, पण काळजी त्यांची नव्हती. दोन वह्यांच्या मध्ये, आईच्या सुती रुमालात गुंडाळलेली एक डीव्हीडी होती. २००८ च्या मे महिन्यात वाईला झालेल्या मामाच्या लग्नाची.

त्याआधी दिवाळीला मी कऱ्हाडला घरी गेले होते. कपाट आवरताना आईला ही डीव्हीडी सापडली. बाबांचा जुना प्लेयर अजून चालतो, म्हणून फराळाची ताटं घेऊन आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. पहिला तासभर मजाच मजा. सीमांतपूजन, मंगलाष्टकं, जिलबीची पंगत, आणि फ्रिलच्या फ्रॉकमध्ये रडणारी आठ वर्षांची मी. मग मामीचा गृहप्रवेश आला. माप ओलांडून झालं आणि सगळ्या बायका आजीच्या मागे लागल्या, ''आता तुम्ही पण उखाणा घ्या!'' आजीने पदर तोंडाला लावला, हसली, मान हलवली, शेवटी कॅमेऱ्याकडे न बघता तोंड उघडलं आणि पडद्यावर चौकोनच चौकोन झाले. प्लेयर घरघरला. चित्र पुढे गेलं तेव्हा लोक आइस्क्रीम खात होते.

मागे नेलं, पुन्हा तेच. एक तास बारा मिनिटांवर गाडी अडायची ती अडायचीच.

आजी २०२१ मध्ये गेली. तिला कॅमेऱ्याचा मनापासून कंटाळा होता. आमच्या फोनमध्ये तिचे फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''पुढे काय म्हणाली होती गं ती?'' कुणालाच आठवेना. मावशीला फोन लावला तर ती म्हणाली, उखाण्यात कृष्णेचा घाट होता. मामा म्हणाला, कृष्णा नव्हे, मेणवली. आजोबांचं नाव शेवटी होतं एवढ्यावर मात्र एकमत झालं.

नोएडाला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते चुकीचं. माझ्या लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्हच नाही, म्हणून मैत्रिणीकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. त्यावरही डिस्क तिथेच अडली. मग कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं तशी पांढरी टूथपेस्ट लावून ती गोल गोल घासली. धुऊन पुसली तेव्हा दिसायला चकचकीत झाली. लावली तर आता एक तास नऊ मिनिटांवरच अडायला लागली. त्या रात्री मी आईला फोन केला नाही.

शनिवारी सुट्टी होती. नेहरू प्लेस रविवारी बंद असतं, त्यामुळे शनिवार हाच एक दिवस. नोएडाच्या बोटॅनिकल गार्डन स्टेशनवरून मॅजेंटा लाइन घेतली. ओखला पक्षी अभयारण्याचं स्टेशन गेलं की कालिंदी कुंजच्या आधी यमुना लागते. दिवाळीनंतरच्या दिवसांत नदीवर पांढरा फेस तरंगत असतो. लांबून बर्फ वाटतो, पण असतो तो साबणाचा आणि सांडपाण्याचा. वाईच्या घाटावर मोठ्या झालेल्या आईला मी एकदा व्हिडिओ कॉलवर ही नदी दाखवली होती. तिने ''फोन बंद कर'' एवढंच म्हटलं.

नोएडा आणि डिस्क यांचं एक जुनं नातं आहे. माझ्या वयाच्या लोकांनी मोझर बेअर हे नाव कोऱ्या सीडींवर हजारदा वाचलेलं असेल. १९८३ मध्ये सुरू झालेली ही आपलीच कंपनी, जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक, आणि तिचे कारखाने नोएडा आणि ग्रेटर नोएडात होते. मराठीसह कितीतरी भाषांतले सिनेमे तिने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी अशा भावात विकले. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. म्हणजे मी इथे नोकरीला आले तोपर्यंत तो सगळा कारभार आटोपलेला होता.

कालकाजी मंदिर स्टेशनला गाडी बदलली आणि व्हायोलेट लाइनने पुढच्याच स्टेशनला उतरले. नेहरू प्लेस.

मुंबईच्या वाचकांना सांगायचं तर हा लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गाचा, दिल्लीतला थोरला भाऊ. फरक एवढाच की तो रस्ता आहे आणि हे आहे मोठं फरसबंद पटांगण. सत्तरच्या दशकात दिल्ली विकास प्राधिकरणाने आखलेलं. चारही बाजूंनी उंच, धुरकट इमारती, मध्ये गाड्यांना मज्जाव. आणि त्या मोकळ्या जागेत प्रिंटरची शाई, मोबाइलची कव्हरं, चार्जर, उंदीर (कॉम्प्युटरचे), छोले कुलच्यांच्या गाड्या आणि माणसं. गंमत म्हणजे इथे कापडाची दुकानंही तेवढीच नावाजलेली आहेत. एका दारात मदरबोर्ड, शेजारच्या दारात चंदेरीचे तागे.

ऑफिसातले जुने लोक सांगतात, पूर्वी इथे पाय ठेवला की पोरं कानाशी येऊन ''सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर'' पुटपुटायची. चोरीच्या सॉफ्टवेअरच्या सीडी हा इथला उघड धंदा होता. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींचं कार्यालय नकली मालाच्या बदनाम बाजारांची यादी काढतं, तीत एकेकाळी नेहरू प्लेसचं नाव असायचं. आता माझ्या कानाशी आलेला मुलगा ''मॅडम, स्क्रीन गार्ड?'' म्हणाला. मी त्याला सीडी दुरुस्तीचं विचारलं. तो इतका हसला की शेजारचाही हसायला लागला.

सात दुकानं फिरले. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, पाण्यात पडलेला फोन यातलं काहीही आणा म्हणाले. डिस्क म्हटलं की मान नाही. ''मॅडम, क्लाउड का ज़माना है.'' आठव्या दुकानातल्या वयस्कर काकांनी मात्र बोट वर केलं. मागच्या इमारतीचा पहिला मजला, जिन्याच्या डावीकडे.

पहिला मजला म्हणजे लांब अंधारा व्हरांडा, डोक्यावर वायरींची जाळी, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. दुकान आमच्या देवघराएवढं. भिंतीला लावून जुन्या डीव्हीडी ड्राइव्हची उतरंड रचलेली, आपल्याकडे मडक्यांची असते तशी. आत साठीचे एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बसले होते. दिल्लीत ओळख नसली की सगळे अंकलच.

मी रुमाल सोडला. त्यांनी डिस्क कडेला धरून उचलली, तिरकी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

''टूथपेस्ट?''

मी मान खाली घातली.

''सगळेच लावतात, बेटा,'' ते म्हणाले. ''पण गोल का घासलंस?''

मग जे ऐकलं ते मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. (मी आर्ट्सची, कदाचित शिकवलं असेल आणि मी खिडकीबाहेर बघत असेन.) डिस्कवरचा मजकूर मधून सुरू होतो आणि गुंडाळीसारखा गोल गोल फिरत कडेपर्यंत जातो. म्हणूनच आमचा पहिला तास धड होता. बिघाड बाहेरच्या भागात होता, जिथे आपली बोटं लागतात. आता एखादा ओरखडा मधून कडेकडे सरळ गेला असेल, तर लेझर तो क्षणात ओलांडतो. पण ओरखडा गोल गेला असेल तर लेझर त्याच्याबरोबरच चालत राहतो, आणि त्या पट्ट्यातलं सगळं हातचं जातं. मी टूथपेस्टने असे गोल ओरखडे प्रेमाने आणि भरपूर काढले होते.

त्यांनी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली आणि एक डोळा मिटून आरपार पाहिलं. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले असते तर तिथला चकाकणारा थरच उडालेला असता, आणि त्यावर कुणाकडेच इलाज नाही. ठिपके नव्हते. मी श्वास सोडला तो त्यांनाही ऐकू गेला असावा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मी आयुष्यभर उलटं समजत होते. डिस्कची चमकणारी बाजू जपायची आणि नाव लिहायची बाजू कशीही टाकायची, ही आपल्या सगळ्यांची सवय. सीडीत खरा मजकूर त्या नाव लिहायच्या बाजूलाच असतो, वार्निशच्या पातळ थराखाली. चमकणाऱ्या बाजूला जवळजवळ १.२ मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं, आणि लेझर त्यातून आरपार बघतो. त्या बाजूचा ओरखडा म्हणजे चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा. डोळा शाबूत असतो. पण वरच्या बाजूला पेनाचं टोक रुतलं, किंवा चिकटवलेला कागद ओढून काढला, की डोळाच गेला. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून मजकूर मध्ये ठेवलेला असतो, म्हणून ती वरच्या बाजूने जरा काटक. ब्लू-रेमध्ये तो खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. ती कुणी घासून देतो म्हणाला तर देऊ नका.

आमच्या डीव्हीडीवर फोटोग्राफरने मामा-मामीच्या फोटोचा कागद चिकटवला होता. एक कोपरा सुटलेला. मी सवयीने तो उचकटायला बोट पुढे केलं तर अंकलनी हातावर हलकी चापट मारली.

''आता पॉलिश करणार?'' मी विचारलं. टेबलावर नमद्याचं चाक लावलेलं छोटं मशीन दिसत होतं.

''पहले पढ़ेंगे, फिर घिसेंगे.''

घासणं म्हणजे प्लास्टिकचा एक थर कायमचा काढून टाकणं. जमलं तर ओरखडा जातो, बिघडलं तर आधी वाचता येत होतं तेही जातं. म्हणून डिस्क आज जेवढं देते तेवढं आधी उतरवून घ्यायचं. त्यांनी ती कोमट पाण्याने आणि दोन थेंब साबणाने धुतली, मधून बाहेर अशा सरळ रेषेत मऊ कापडाने टिपली आणि एका ड्राइव्हमध्ये सरकवली. कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावू लागले. त्या प्रोग्रॅमचं नाव डीडीरेस्क्यू. तो फुकट मिळतो. साधा प्लेयर अडला की अडतो, लॅपटॉप चूक दाखवून मोकळा होतो. हा मात्र खराब जागा सोडून आधी सगळा धड भाग उतरवतो, कुठे काय राहिलं त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो आणि मग राहिलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा येतो. ती नोंद असल्यामुळे ड्राइव्ह बदलून काम तिथूनच पुढे नेता येतं. आणि प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. ती उतरंड कशासाठी होती ते तेव्हा कळलं.

''चार तास लागतील. ठेवून जा, सोमवारी ये.''

आईने बजावलं होतं की डिस्क नजरेआड करू नकोस. मी तसं सांगितलं. ते हसले. ''मग इथेच फिर. नेहरू प्लेस काय कमी आहे?''

फिरले. चाळीस रुपयांचे छोले कुलचे खाल्ले, कच्चा कांदा आणि लोणच्यासकट. एक माणूस भर गर्दीत खाली मांडी घालून इंजेक्शनच्या सुईने प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरत होता. हाताची बोटं निळी, पण शर्टवर एक डाग नाही. त्याच्याकडे मी दहा मिनिटं बघत उभी होते. कापडाच्या दुकानात आईसाठी ब्लाउजपीस घेतला. खरं तर नको होता. दर अर्ध्या तासाने जिना चढून डोकावत होते आणि दर वेळी अंकल न बघताच म्हणत होते, ''चल रहा है.''

पहिल्या फेरीअखेर जवळजवळ सगळं उतरलं होतं, फक्त सुमारे ९ एमबी अडले होते. मी म्हटलं, अरे वा, चार जीबीतले नऊ एमबी म्हणजे काहीच नाही! मग लक्षात आलं की ते नऊ एमबी नेमके कुठे आहेत. लग्नाच्या डीव्हीडीत एका सेकंदाला साधारण अर्धा-पाऊण एमबी लागतो. म्हणजे पंधरा सेकंद. उखाण्याला तेवढाच वेळ लागतो.

दुसऱ्या ड्राइव्हवर ६ एमबी राहिले. मग त्यांनी डिस्क काढली, चष्मा नाकावर आणला आणि मशीन सुरू केलं. पाण्याची बारीक धार, चाक हळू, आणि दोन सेकंदांत हात मागे. पुन्हा दोन सेकंद. प्लास्टिक तापलं तर सगळं संपलं, म्हणून घाई नाही. पूर्वी व्हीसीडी लायब्ररीवाले गठ्ठे घेऊन यायचे, ते सांगत होते, दिवसाला शंभर डिस्क व्हायच्या. आता महिन्याला चार-पाच. बहुतेक लग्नं आणि बारशी. एकदा एक बाई मुलाच्या पहिल्या पावलाची छोटी डिस्क घेऊन आल्या होत्या, हँडीकॅममधली. सगळीकडे कोरी दिसत होती. रेकॉर्डिंग झाल्यावर शेवटी डिस्क बंद करायची असते ते राहून गेलेलं, बाकी मजकूर आत जसाच्या तसा. अशा कोऱ्या दिसणाऱ्या डिस्क फेकू नका, असं ते मला तीन वेळा म्हणाले. म्हणून मीही तुम्हाला सांगते.

पाच वाजता आकडे थांबले. ३ एमबीच्या थोडं खाली. तिथून पुढे हलेना. त्यांनी आणखी एक ड्राइव्ह लावून पाहिला, मग मान हलवली.

''पुन्हा घासू शकतो. पण मला वाटतं नको.''

मीही नको म्हटलं. त्यांनी फाइल चालू केली आणि हेडफोन माझ्याकडे दिला.

आजीने पदर तोंडाला लावला. हसली. मान हलवली. तोंड उघडलं आणि चित्राचे पुन्हा चौकोन झाले, पण या वेळी आवाज आला. चित्र एकदा तुटलं की पुढचं धड चित्र येईपर्यंत विस्कटलेलंच राहतं, आवाज मात्र लगेच सावरतो, हे मला नंतर अंकलनी समजावलं. तेव्हा मी ऐकत होते. ''घाटावर'' हा शब्द स्पष्ट. मग खर्रर्र. मग दोन शब्द, मग पुन्हा काही नाही, आणि मग मोकळ्या, जराशा चढ्या आवाजात आजोबांचं पूर्ण नाव, आणि बायकांचा हशा. आजीचा आवाज माझ्या आठवणीत होता त्यापेक्षा बारीक होता.

अंकल पाठ करून ड्राइव्हच्या वायरी गुंडाळत बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी पैसे सांगितले, आठशे. मी पेन ड्राइव्हवर दोन ठिकाणी कॉपी घेतली, त्यांनी तिसरी क्लाउडवर टाकायला लावली.

तुमच्याही कपाटात अशा डिस्क असतील तर त्यांच्याबद्दल थोडं. दुकानातून विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कवर मजकूर साच्याने उमटवलेला असतो, तो सहसा टिकतो. फोटोग्राफरने किंवा आपण घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये मजकूर एका सेंद्रिय रंगाच्या थरात असतो आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग ओरखड्याशिवायही फिका पडतो. म्हणजे कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी जास्त घाई करावी. डिस्क डब्यात उभ्या ठेवा, टीव्हीच्या मागच्या गरम कोपऱ्यात नको. धूळ असेल तर साबणाचं पाणी पुरतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर लावू नका, प्लास्टिक पांढुरकं होतं. टूथपेस्टने कधीकधी खरंच काम होतं, खोटं कशाला बोलू. पण ती लावायची तर जिच्यात आजी नाही अशा डिस्कला लावा. यूएसबीचा ड्राइव्ह दीड हजाराच्या आसपास मिळतो, आणि नातेवाइकांत एकाने घेतला तरी सगळ्यांचं भागतं.

परतीच्या मेट्रोत नेटवर्क येत-जात होतं. गाडी बोगद्यातून वर आल्यावर कधीतरी ती पंधरा सेकंदांची क्लिप घरच्या ग्रुपवर गेली. बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा. मग आईचा फोन. ती काही बोलली नाही. मागे क्लिप चालू होती, संपली, पुन्हा सुरू झाली. मग तिने विचारलं, ''डिस्क आणलीस ना परत?''

''आणली. तुझ्याच रुमालात आहे.''

तोवर ग्रुपवर मावशीने लिहिलं होतं, घाटावर! मी सांगत होते ना, कृष्णेच्या घाटावर. त्याखाली मामाने लिहिलं, घाट मेणवलीलाही आहे. खर्रर्र आवाजात जे गेलं ते मेणवलीच. मावशीने ग्रुप सोडून थेट त्यालाच फोन लावला असावा, कारण मी नोएडाला खोलीवर पोहोचले तरी दोघांचेही फोन एंगेज येत होते.